शब्दचर्चा : वीज, मोटार आणि न्यूरल नेटवर्कच्या मराठीत 'भार' कुणाचा?

धागाकर्ता

आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन ट्रेडच्या मुलांसाठी एक मराठी पुस्तिका तयार होते आहे. विजेच्या दर्जावर लक्ष ठेवायला आणि मोटार चालवायला न्यूरल नेटवर्क (उदाहरणांवरून शिकणारी संगणकीय रचना) कशी वापरतात, हा विषय. भाषा तपासायला माझ्याकडे आलेल्या मजकुरात पहिल्याच पानावर हे वाक्य आहे : 'भार बदलत बदलत जाळे दोष ओळखायला शिकते.' ओळखीच्या एका वायरमनला वाचून दाखवलं. तो म्हणाला, 'म्हणजे लोड कमी-जास्त झाला की ग्रिडला फॉल्ट समजतो, असंच ना?' लेखकाला ते म्हणायचं नाही. 'भार', 'जाळे', 'दोष' या तिन्ही शब्दांना पर्याय हवेत. पुढच्या पानांवर सॅग (व्होल्टेज थोडा वेळ उतरणं), हार्मोनिक (५० हर्ट्झच्या पटीतल्या जादा लाटा), ट्रेनिंग, एस्टिमेशन हेही आहेत.

उपकेंद्र

वायरमनने अर्थ बरोबर लावला. विजेच्या कामात 'भार' हा शब्द आधीच दिला गेलेला आहे. वीजबिलावर 'मंजूर भार' छापलेला असतो, 'भारनियमन' घराघरांत माहीत आहे, मोटारीची चाचणी 'पूर्ण भारावर' आणि 'विनाभार' होते. ज्या पुस्तिकेत 'भार वाढला की स्लिप वाढते' (स्लिप म्हणजे मोटार फिरत्या क्षेत्राच्या वेगापेक्षा किती मागे पडते ते) हे वाक्य येणारच आहे, तिच्यात नेटवर्कच्या आतल्या आकड्यांनाही 'भार' म्हटलं तर मुलं दर पानावर अडखळतील. लेखकाने तो गणितातल्या 'भारित सरासरी'वरून घेतला असणार. तिथे तो चालतो, इथे नाही.

'वजन' वापरा. 'त्यांच्या शब्दाला वजन आहे' असं आपण म्हणतो तेव्हा नेमकं हेच म्हणायचं असतं : ऐकायचं सगळ्यांचं, पण कुणाचं किती धरायचं ते वेगवेगळं. न्यूरॉन, म्हणजे नेटवर्कमधला एक घटक, तोही तेवढंच करतो. येणाऱ्या प्रत्येक आकड्याला त्याच्या वजनाने गुणतो, बेरीज घेतो आणि तिच्यावरून पुढे काय पाठवायचं ते ठरवतो. उत्तर चुकलं की वजनं थोडी सरकवायची, याला शिकणं म्हणायचं.

विजेच्या कामात ही वजनं नुसती आतली भानगड राहत नाहीत, मोजमाप म्हणून वाचता येतात. बर्नार्ड विड्रो आणि टेड हॉफ यांनी १९६० मध्ये स्टॅनफर्डला मांडलेलं 'ॲडलाइन' घ्या. (हेच हॉफ पुढे इंटेलच्या पहिल्या मायक्रोप्रोसेसरच्या कामात होते.) एकच न्यूरॉन. त्याला ५० हर्ट्झची साइन-कोसाइन जोडी द्यायची, २५० ची द्यायची, ३५० ची द्यायची आणि या सगळ्यांची वजनं लावून बेरीज समोरच्या खऱ्या प्रवाहाशी जुळवायला लावायची. सेकंदाला ३,२०० नमुने घेतले तर ५० हर्ट्झच्या एका आवर्तनात, म्हणजे २० मिलिसेकंदांत, ६४ नमुने पडतात. दर नमुन्याला खरा प्रवाह आणि बेरीज यांतला फरक बघायचा आणि वजनं सरकवायची. फरक मिटत आला की २५० हर्ट्झच्या जोडीची जी दोन वजनं उरतात, त्यांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ म्हणजे पाचव्या हार्मोनिकची उंची, थेट ॲम्पिअरमध्ये. आयईसी या आंतरराष्ट्रीय वीज-मानक संस्थेच्या ६१०००-४-३० या मानकात हार्मोनिक मोजायला ५० हर्ट्झवर १० आवर्तनांची, २०० मिलिसेकंदांची खिडकी धरतात. ॲडलाइन दर नमुन्याला नवा आकडा देतं, म्हणून ॲक्टिव्ह फिल्टर (हार्मोनिक खोडून काढणारं यंत्र) चालवायला ते उपयोगी पडतं. आता इथे 'पाचव्या हार्मोनिकचा भार' असं लिहून पाहा. इलेक्ट्रिशियन त्याचा अर्थ पाचवा हार्मोनिक निर्माण करणारं यंत्र असा घेईल, आणि तसा घेणं त्याच्या जागी बरोबरच आहे.

'जाळे'चंही तसंच. वाहिन्यांचं जाळं असतंच. विजेसाठी 'ग्रिड' किंवा 'वाहिनी', न्यूरलसाठी 'नेटवर्क', आणि अख्ख्या पुस्तिकेत अदलाबदल नाही, एवढा नियम पुरे.

'दोष' हा एकच शब्द तीन कामांना जुंपलाय. वाहिनीवर होतो तो 'फॉल्ट'. मोटारीत होतो तो 'बिघाड'. नेटवर्कचं उत्तर खऱ्याशी जुळत नाही ती 'चूक', आणि ती आकड्यात मोजायची असेल तेव्हा 'फरक'. 'त्रुटी' मी घेणार नाही. ती अर्जात निघते, यंत्रात नाही.

तेव्हा तुमचं वाक्य : 'वजनं सरकवत सरकवत नेटवर्क बिघाड ओळखायला शिकतं.'

विज्ञानाच्या बाई

'वजन' पटलं. प्रश्नपत्रिकेच्या आराखड्यात आम्ही 'गुणभार' लिहितो, तोही मनात आला होता, पण तुमचं उदाहरण पाहिल्यावर त्यातला 'भार'ही इथे नकोच. मात्र बाकी सगळे शब्द इंग्रजीच का? दहावीच्या पुस्तकात 'विद्युत चलित्र' आहे, 'विद्युत जनित्र' आहे. 'रोहित्र' तर वीज कंपनी स्वतः वापरते. 'चेतापेशी' मुलांना शाळेपासूनच माहीत असते, मग 'चेताजाल' का नको? आणि सॅगसाठी तारेचा 'झोळ' आहेच की.

उपकेंद्र

बाई, रोहित्राबद्दल मनापासून मान्य. पत्रांत, फलकांवर, बातम्यांत तोच शब्द येत राहिला म्हणून रुजला. तरी गावात 'डीपी जळाली' असंच म्हणतात, आणि पुस्तिकेत दोन्ही यायला हवेत. 'चलित्र' वर्गातच राहिलं. शेतकरी 'मोटार चालू कर' म्हणतो तेव्हा त्यात पंप, स्टार्टर आणि पाणी सगळंच आलं. 'चेताजाल' मला आवडतो. पहिल्या पानावर तो द्या आणि नाव कशावरून पडलं तेही द्या : १९४३ मध्ये मॅककलक आणि पिट्स यांनी चेतापेशीचं गणिती रूप मांडलं, तिथून हे नाव आलं. पुढे 'नेटवर्क'च राहू द्या, कारण मुलगा उद्या मोबाइलवर शोधेल तो 'न्यूरल नेटवर्क' हाच शब्द.

'झोळ' मात्र कृपा करून नको. उन्हाळ्यात तार तापून लांबते, झोळ वाढतो, वारं सुटलं की दोन तारा एकमेकींना लागतात, फॉल्ट होतो, आणि त्या फॉल्टमुळे त्याच उपकेंद्रावरच्या दुसऱ्या वाहिनीला सॅग येतो. ही रोजची घटना लिहिताना झोळाने झोळ आणला असं होईल आणि तार कुठली, व्होल्टेज कुठलं, काही कळणार नाही.

सॅगला आयईसी 'डिप' म्हणते, आयईईई ही अभियंत्यांची संस्था 'सॅग'. गोष्ट एकच. पुस्तिकेत 'डिप' घ्या. 'बॅटरी डिप झाली', 'डिपर दे' असं मुलं बोलतातच. पण व्याख्या नीट द्या. आयईईईच्या ११५९ या मानकाप्रमाणे व्होल्टेज नेहमीच्या १० ते ९० टक्क्यांवर, अर्ध्या आवर्तनापासून एका मिनिटापर्यंत. २३० व्होल्टला ते २३ ते २०७ व्होल्ट, १० मिलिसेकंदांपासून ६० सेकंदांपर्यंत. वाहिनीच्या शेवटच्या टोकाला संध्याकाळभर 'व्होल्टेज कमी येतं' ती तक्रार वेगळी, ती डिप नव्हे. 'लाईट डिम-फुल होते' ही तिसरी, ती फ्लिकर. लोकांनी तिन्ही वेगळी ठेवलेली आहेत, पुस्तिकेने ती एका 'दाबघट'मध्ये कोंबू नयेत.

नेटवर्क डिपमध्ये काय पाहतं हेही यावं, कारण तिथेच मुलांना विषयाची गोडी लागेल. मोठी मोटार थेट स्टार्ट केली की ती पूर्ण भाराच्या पाच ते सात पट प्रवाह ओढते. व्होल्टेज एकदम उतरतं आणि मोटार वेग घेईल तसं हळूहळू चढतं, तिन्ही फेजना साधारण सारखं. वाहिनीवर फॉल्ट झाला तर व्होल्टेज कड्यावरून पडल्यासारखं उतरतं, ब्रेकर सुटेपर्यंत तळाला राहतं आणि तितक्याच सरळ वर येतं. बहुतेक वेळा एक-दोन फेजच जास्त पडलेले असतात. स्टार्टरची नो-व्होल्ट कॉइल दोन्ही वेळा खट् करून सुटू शकते, म्हणून पंपापाशी उभ्या माणसाला दोन्ही सारखेच. लाटेचा आकार पाहणाऱ्याला मात्र कारण सांगता येतं. नव्वदच्या दशकात संशोधकांनी आधी वेव्हलेट या गणिती पद्धतीने लाटेतल्या अशा कडा वेगळ्या काढायच्या आणि मग त्या नेटवर्कला द्यायच्या, ही पद्धत बसवली.

स्वेलला (व्होल्टेज थोडा वेळ चढणं) 'उसळी' छान बसतो. हार्मोनिकला 'हार्मोनिक'च. कोल्हापूरच्या फाउंड्रीत किंवा जालन्याच्या स्टील कारखान्यात भट्टीवर उभा असलेला माणूस 'पाचवा-सातवा' एवढंच म्हणतो, आणि समोरच्याला कळतं.

रिवाइंडिंगवाला

वाचून बरं वाटलं, आमचे शब्द चालतात म्हणून. मला रोटरबद्दल विचारायचंय. बार (रोटरमधली, म्हणजे मोटारीच्या फिरत्या भागातली, धातूची पट्टी) तुटलेली मोटार आम्ही आवाजावरून ओळखतो. भारावर ती लयीत गुरगुरते, ॲमीटरचा काटा झुलतो. हे मोटार न उघडता नेटवर्क कसं सांगतं, आणि 'साइडबँड'ला मराठीत काय म्हणायचं?

उपकेंद्र

दादा, तुम्ही जो झुलता काटा सांगितलात तोच साइडबँड. चार पोलची मोटार ५० हर्ट्झवर, फिरत्या क्षेत्राचा वेग १५००, पाटीवर १४४० लिहिलंय. स्लिप ४ टक्के. बार तुटला की प्रवाहात ५० च्या दोन्ही अंगांना, स्लिपच्या दुप्पट अंतरावर, दोन छोटी शिखरं उगवतात. ५० चे ४ टक्के २, दुप्पट ४, म्हणजे ४६ आणि ५४ हर्ट्झ. काटा सेकंदाला चारदा झुलतो तो यामुळेच. स्लिप कमी असली की झुलणं संथ होतं आणि डोळ्याला जास्त नीट दिसतं. 'बाजूची शिखरं' म्हणा, आलेख समोर ठेवला की शब्द समजावावा लागत नाही.

मोटार जवळपास विनाभार फिरत असेल, समजा १४९४ वर, तर तीच शिखरं ४९.६ आणि ५०.४ वर येतात आणि ५० च्या मोठ्या शिखरात लपतात. ०.४ हर्ट्झचा फरक वेगळा काढायला किमान अडीच सेकंदांची नोंद लागते, शिवाय रोटरमधला प्रवाहच कमी असल्याने शिखरं बुटकी राहतात. उलट, हिसके देत चालणारा पिस्टनचा कंप्रेसर धडधाकट मोटारीतही बाजूची शिखरं उभी करू शकतो. एका शिखराच्या उंचीवर निकाल दिला तर फसगत होते, म्हणून शिखरं, वेग, भार, थरथर असं बरंच काही एकत्र तोलणारं नेटवर्क वापरतात.

आता तुमच्याकडून एक शब्द हवाय. नेटवर्कला शिकवताना दर नोंदीसोबत 'ही मोटार चांगली, हिचा बार तुटलेला, हिचं बेअरिंग गेलेलं' असं लिहून द्यावं लागतं. इंग्रजीत त्याला लेबल म्हणतात. मोटार उघडल्यावर तुम्ही वहीत जे लिहिता त्याला काय म्हणता?

रिवाइंडिंगवाला

'काय निघालं' असा रकानाच आहे. मोठ्या कारखान्याला रिपोर्ट देताना 'निदान' लिहितो.

उपकेंद्र

'निदान' घ्या! 'लेबल'पेक्षा हा सरस आहे. लेबल कुणीही चिकटवतं, निदानामागे मोटार उघडलेली असते. नेटवर्कची अक्कल या निदानांवरच उभी असते, हे पुस्तिकेत ठसठशीत यावं.

धागाकर्ता

मग ट्रेनिंगला 'प्रशिक्षण' ठेवू का? आणि ओव्हरफिटिंग, म्हणजे सरावातलंच जसंच्या तसं पाठ होणं?

विज्ञानाच्या बाई

प्रशिक्षण माणसाचं. नेटवर्कला 'शिकवणं'. ज्या नोंदींवर शिकवलं तो 'सराव संच', ज्यांवर तपासलं तो 'कसोटी संच'. आणि ओव्हरफिटिंगला शब्द आमच्या वर्गात रोज असतो : घोकंपट्टी.

उपकेंद्र

बाई, याहून नेमका शब्द मिळणार नाही. प्रयोगशाळेतल्या एकाच मोटारीच्या नोंदींवर शिकलेलं नेटवर्क तिथल्या कसोटीत जवळपास सगळं बरोबर सांगतं, आणि दुसऱ्या कंपनीच्या, दुसऱ्या ताकदीच्या मोटारीवर गोंधळतं. त्याने बिघाड शिकलेला नसतो, ती मोटार पाठ केलेली असते. म्हणून कसोटी संचात सरावातल्या मोटारीच असू नयेत, हे मुलांना सांगाच.

एस्टिमेशनचं थोडं जपून. 'अंदाज' म्हटलं की मराठी माणसाला हवामानाचा अंदाज आठवतो, पुढे काय होईल तो. ड्राइव्हमधलं (मोटारीचा वेग सांभाळणाऱ्या यंत्रातलं) नेटवर्क पुढचं सांगत नाही. आत्ताचा वेग, जो मोजलेला नाही, तो व्होल्टेज आणि प्रवाहावरून काढतं. त्याला 'अनुमान' म्हणा, आणि महिन्याभरात बेअरिंग जाईल असं सांगतं त्याला 'भाकीत'. याच पानावर 'सेन्सरविना नियंत्रण' असेल तर ते 'वेग-सेन्सरविना' करा. प्रवाहाचे सेन्सर तिथे असतातच, ते काढले तर अनुमान कशावरून करणार?

नियंत्रणाच्या प्रकरणात ताकाहाशी आणि नोगुची यांचं १९८६ चं डायरेक्ट टॉर्क कंट्रोल येईल. मोटारीला वीज पुरवणाऱ्या इन्व्हर्टरच्या आठ स्थिती, सहा व्होल्टेज देणाऱ्या आणि दोन शून्याच्या. टॉर्क (फिरवण्याचा जोर) आणि फ्लक्स (चुंबकीय प्रवाह) किती कमी-जास्त आहे ते पाहून तक्त्यातून त्यांतली एक निवडायची. काही संशोधकांनी हा तक्ताच नेटवर्ककडे सोपवून पाहिला. इथे 'नेटवर्क मोटार नियंत्रित करते' असं सरसकट लिहू नका. कुठे ते नुसतं वेगाचं अनुमान देतं आणि बाकी काम नेहमीचा पीआय कंट्रोलर (फरक पाहून दुरुस्ती करणारा नियंत्रक) करतो, कुठे ते इन्व्हर्टरची स्थिती निवडतं. कुठलं काम कुणाचं ते वाक्यात आलं पाहिजे.

धागाकर्ता

शेवटची शंका. मजकुरात आहे, 'बिघाड आढळताच नेटवर्क मोटार बंद करते.' क्रियापद बरोबर आहे का?

उपकेंद्र

नाही, आणि इथे शब्द चुकला तर काम चुकेल. देखरेख करणारं नेटवर्क 'इशारा देतं' किंवा 'कळवतं'. मोटार 'ट्रिप करतो' तो ओव्हरलोड रिले किंवा सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर (एखादा फेज गेला की मोटार तोडणारं उपकरण), कारण तिथे वाइंडिंग वाचवायचं असतं आणि थांबायला वेळ नसतो. तुटलेल्या बारची मोटार बऱ्याचदा आणखी काही दिवस चालते, ती कधी उघडायची ते देखभालीचा माणूस ठरवतो. नेटवर्क इशारा देतं, रिले ट्रिप करतो, माणूस बंद करतो : हे तीन कर्ते आणि तीन क्रियापदं सबंध पुस्तिकेत एकदा तपासून घ्या. तशी वाक्यं आणखी असतील तर इथेच टाका, आज रात्री बघतो.