छोट्या वस्तीत नवीन सार्वजनिक वाचनालय काढायचंय, आधी इमारत की आधी पैसे?

वाचनवेडी
नमस्कार मंडळी, बरेच दिवस विचारू विचारू म्हणत होते. आमची वस्ती छोटी, दोन-अडीच हजार लोक, वाचनालय नाही आणि सगळ्यात जवळचं गाठायचं तर जाऊन-येऊन अर्धा दिवस जातो, त्यामुळे लहान मुलं आणि वयस्कर माणसं तिकडे जातच नाहीत. आम्ही सात-आठ जणांनी आता मनावर घेतलंय. एकांनी वस्तीच्या कडेला जमीन फुकट देऊ केलीय, दुसरे एक जण वडिलांच्या नावाने इमारतीचा मोठा खर्च उचलायला तयार आहेत. पुस्तकं द्या म्हणून आवाहन केलं तर पंधरा दिवसांत गोणीच्या गोणी येऊन पडल्यात.

आता आमच्यातच दोन तट पडलेत. बरेच जण म्हणतायत इमारत उभी राहू दे, ती डोळ्यांना दिसली की बाकीचे पैसे येतील. मला ते आतून पटत नाहीये पण का पटत नाही ते नीट मांडता येत नाही. ज्यांनी हे केलंय त्यांनी प्लीज सांगा, सुरुवात कुठून करायची?

जुना_ग्रंथपाल
ताई, तुम्हाला आतून वाटतंय ते बरोबर आहे. इमारतीला पैसे देणारा भेटतो कारण तिच्यावर नावाची पाटी लागते. पगार, वीजबिल, दर महिन्याची नवी पुस्तकं, यावर पाटी लागत नाही म्हणून त्याचे पैसे उभे राहत नाहीत आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी दाराला कुलूप. असं एक वाचनालय बंद पडताना मी स्वतः पाहिलंय, कपाटं उत्तम, खिडक्या मोठ्या, फक्त उघडायला माणूस नाही. अजून आठवलं की वाईट वाटतं.

आणि ही चूक फार जुनी आहे. ब्रिटनमध्ये १८५० साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला, त्यात कराच्या पैशातून इमारत उभी करता येत होती पण पुस्तकं घेता येत नव्हती! पुस्तकं दानातून येतील असं धरून चालले होते. १८५५ मध्ये कायदा बदलून कराची मर्यादा वाढवावी लागली आणि पुस्तकखरेदीला परवानगी द्यावी लागली. पुढे अमेरिकेतला पोलाद उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी याच्या पैशातून १८८३ ते १९२९ या काळात जगभरात २,५०९ ग्रंथालयं उभी राहिली. तो इमारतीचे पैसे द्यायचा पण साधारण अट अशी की जागा गावाने द्यायची आणि दिलेल्या रकमेच्या १० टक्के इतके पैसे दरवर्षी ग्रंथालय चालवायला गावाने स्वतः काढायचे. एवढं करूनही १९१५-१६ मध्ये त्याच्या संस्थेने अॅल्विन जॉन्सन नावाच्या अर्थतज्ज्ञाकडून पाहणी करून घेतली तर दिसलं काय, की बऱ्याच ठिकाणी इमारत आहे पण शिकलेला ग्रंथपाल नाही. त्यानंतर संस्थेने नव्या इमारतींना पैसे देणंच थांबवलं.

म्हणून नकाशाच्या आधी वर्षाच्या खर्चाचा कागद करा. त्यात पगार सगळ्यात वर लिहा, सेवाभावी माणसं दोन वर्षं टिकतात, पुढे प्रत्येकाच्या घरी काही ना काही निघतं, त्यात त्यांचा दोष नाही. कायम निधी ठेवणार असाल तर वर्षाला त्याच्या चार-पाच टक्क्यांच्या वर काढू नका, नाहीतर महागाई मुद्दल खाते. म्हणजे वर्षाच्या खर्चाच्या वीस-पंचवीस पट निधी हवा. आकडा बघून धसका बसेल पण तो आत्ताच बसलेला बरा. बहुतेक ठिकाणी एवढा निधी जमत नाही, मग स्थानिक प्रशासनाच्या अंदाजपत्रकात दरवर्षीची ठरलेली तरतूद लेखी मिळवा, तोंडी आश्वासनावर पाया खणू नका.

मोजपट्टी
बांधकामाच्या बाजूने थोडं बोलतो. पुस्तकं किती जड असतात याचा लोकांना अंदाज नसतो. अमेरिकन मानकांत राहत्या घराच्या मजल्यासाठी चौरस फुटाला ४० पौंड भार धरतात, वाचनकक्षाला ६० आणि पुस्तकांच्या रॅकच्या जागेला १५०. म्हणजे घराच्या जवळजवळ चौपट. त्यामुळे कोणी जुन्या घराचा वरचा मजला देऊ केला तर इंजिनियरला दाखवल्याशिवाय एकही रॅक चढवू नका. तळमजला सगळ्यात चांगला, पायऱ्या नाहीत, व्हीलचेअर सरळ आत येते. दोन रॅकमधली वाट ३६ इंचांपेक्षा कमी नको, ४२ ठेवलीत तर उत्तम. रॅकवर थेट ऊन येईल अशी खिडकी नको, आणि ओल येणारी भिंत असेल तर तिला रॅक टेकवूच नका, बुरशी एकदा शिरली की ती एका पुस्तकावर थांबत नाही.

अजून एक, ती कडेची फुकट जमीन. नीट विचार करा. १९३१ मध्ये आपले भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी ग्रंथालयाची पाच सूत्रं मांडली, त्यातलं पहिलंच 'पुस्तकं वापरण्यासाठी आहेत', आणि त्यावर लिहिताना त्यांनी जागा कुठे असावी आणि वेळ काय असावी यावर बरंच लिहिलंय. नऊ वर्षांचं पोर एकटं चालत येऊ शकेल का हे बघा. येत नसेल तर मध्यवस्तीतली भाड्याची एक खोली त्या जमिनीपेक्षा भारी.

वाचनवेडी
बापरे, रॅकच्या वजनाचं डोक्यातच आलं नव्हतं, आमच्याकडे एका घराचा वरचा मजलाच तात्पुरता घ्यायचं चाललं होतं. थांबवते लगेच. आणि त्या गोण्यांचं काय करू? लोकांनी मनापासून दिलीत, नाही म्हणवत नाही.

पानोपानी
वाचनवेडीताई, गोण्या उघडा आणि कठोर व्हा, मी या कामात चार वर्षं आहे. जुन्या आवृत्तीची पाठ्यपुस्तकं, कालबाह्य औषधोपचाराची पुस्तकं, वाळवी लागलेली, पानं गळालेली, ही रॅकवर गेली तर नवीन वाचक पहिल्याच दिवशी परत फिरतो. आम्ही एक पानाचं देणगी-धोरण केलंय, त्यात साफ लिहिलंय की दिलेलं पुस्तक ठेवायचं, विकायचं की रद्दीत द्यायचं हे वाचनालय ठरवणार. घेतानाच सही घेतो, मग कोणाचं मन दुखत नाही. मुलांच्या पुस्तकांसाठी मात्र पैसे वेगळे ठेवा, दानात चांगली बालपुस्तकं जवळजवळ येतच नाहीत कारण ती घरोघरी फाटेपर्यंत वाचली जातात.

नोंदींसाठी महागडं सॉफ्टवेअर घेऊ नका. कोहा फुकट आहे, न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ भागातल्या छोट्या ग्रंथालयांसाठीच ते बनलं, २००० साल उजाडलं की तारखेच्या घोळामुळे त्यांची जुनी सिस्टीम चालणार नव्हती म्हणून त्यांनी नवीन करून घेतली आणि सगळ्या जगाला खुली केली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. हजारभर पुस्तकं होईपर्यंत तर साधी एक्सेल शीटही चालेल, फक्त प्रत्येक पुस्तकाला नंबर पहिल्या दिवसापासून द्या, नंतर करू म्हटलेलं ते काम कधीच होत नाही.

मला विचाराल तर एका खोलीत वर्षभर चालवून बघा. रोज कोण येतं, किती वाजता येतं, काय मागतं आणि ते नसतं, याची वही ठेवा. पैसे मागायला जाल तेव्हा तीच वही समोर ठेवा.

जुना_ग्रंथपाल
वहीला माझं शंभर टक्के अनुमोदन. त्यात 'मागितलं पण नव्हतं' हा रकाना कधीही चुकवू नका, खरेदीची यादी त्यातूनच निघते.

वाचनवेडी
सगळ्यांचे मनापासून आभार, आता मला बोलायला शब्द मिळाले. रविवारी बैठक आहे. जे वडिलांच्या नावाने इमारत देणार होते त्यांना विचारणार आहे की तेच पैसे ग्रंथपालाच्या पहिल्या पाच वर्षांच्या पगाराला, 'अमुक यांच्या स्मरणार्थ' असं नाव देऊन, चालतील का. पाटी खोलीच्या दारावर लावू, हवी तेवढी मोठी. पानोपानी, तुमच्या त्या एक पानाच्या धोरणाचा मजकूर इथे टाकाल का, रविवारच्या आत मिळालं तर फार बरं होईल.