मदत हवी आहे: १/८ 'बिग ड्यूस'चं क्रोम आणि पावसाळ्यातलं लॅकर

नमस्कार मंडळी. मोनोग्राम कंपनीचं १/८ प्रमाणातलं 'बिग ड्यूस' हे प्लास्टिक मॉडेल किट, म्हणजे १९३२ ची फोर्ड रोडस्टर, नव्याने उभं करतोय. बॉडीवर ब्रशने फासलेला जुना इनॅमल आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये रात्रभर बुडवून, टूथब्रशने घासून काढलाय. थिनर मुद्दाम टाळलं. किटच्या पॉलिस्टायरीन प्लास्टिकवर त्याने बारीक तडे जातात.

अडलंय ते ग्रिलवरच्या क्रोमच्या मुलाम्यापाशी. ब्लीचमध्ये चकाकी विरघळते, पण तिच्याखालचं लॅकर चिकटून राहतं. ते न काढता रंग मारला तर ग्रिलच्या पट्ट्यांची धार बुजते, आणि इतकं सुंदर ग्रिल बुजवणं मनाला पटत नाही. अल्कोहोलने सपाट भागांवरचं निघालं, पट्ट्यांच्या फटींतलं नाही. प्लास्टिक न दुखावता तिथे काय चालतं? पुढे चकचकीत काळ्या बेसवर एअरब्रशने क्रोम रंग द्यायचाय.

टायर मऊ ठेवणाऱ्या प्लास्टिसायझरने रिमही खाल्ल्यात. खड्डे पुटीने भरून ४०० आणि मग ६०० च्या पॉलिशपेपरने घासतोय. पुन्हा तसं होऊ नये म्हणून मध्ये फॉइल लावावं की टेफ्लॉन टेप?

शिवाय बडोद्याचा पावसाळा! दमट हवेत लॅकर सुकताना पृष्ठभाग गार होतो, बाष्प बसतं आणि रंग पांढरट पडतो. अशा हवेत रिटार्डर (लॅकर सावकाश सुकवणारा द्रव) किती टक्के घालता? रावपुरा-मांडवीकडे तो सुटा मिळतो का?

विंडस्क्रीन ४ मिमीने, म्हणजे खऱ्या गाडीवर ३२ मिमीने, कमी करायची आहे. काच करवतीने कापावी की कोरून मोडावी?