अनुभव धागा : मांडणी, फळी, कोनाडा... तुमच्या घरातल्या उघड्या फळ्यांवर काय आहे?

जळगावकरीण
आमचा खानदेशातला कानबाईचा सण आठ दिवसांवर आला म्हणून काल सगळी पितळी भांडी खाली काढली. एका डब्याला चिंच-मीठ लावून घासत होते, तर तळाशी कोरलेली अक्षरं हाताला लागली. आईचं माहेरचं नाव आणि १९७४. डबा तसाच मांडीवर घेऊन बसले.

अमळनेर तालुक्यातलं आमचं धाब्याचं घर. चुलीसमोरच्या भिंतीला सागाच्या तीन फळ्या होत्या. वरच्या फळीवर हंडे आणि घागरी, मधल्या फळीवर उतरत्या मापाचे डबे, खालच्या फळीवर रोजचं : ताटं उभी, पेले पालथे, वाट्यांची चळत. कडेला वर्तमानपत्राच्या घड्या घालून कातरलेली झालर. दर कानबाईला भिंतीला नवा पोतेरा, फळ्यांना नवी झालर. दारातून येणारं ऊन दुपारी बरोबर मधल्या फळीवर पडायचं, आणि आईने डबे उजवीकडून लावले होते ते त्याचसाठी, असं मला आत्ता वाटतंय.

मागच्या वर्षी फ्लॅटमध्ये सुताराकडून चार फुटी दोन फळ्या लावून घेतल्या. हौसेने बरण्या, कप, कुंड्या, बाहुल्या असं सगळं मांडलं. घरात शिरलं की दुकानात आल्यासारखं वाटायचं. शेवटी सगळं उतरवलं आणि आईचे पाच डबे, एक तांब्या आणि रोजचे पेले एवढंच परत ठेवलं. मधली जागा मोकळीच सोडली. आता डबे दिसतात.

तुम्ही काय केलंत ते सांगा. जुन्या घरातलं आठवत असेल तर तेही.

तापीकाठ
आम्हना घर बी तीच झालर व्हती. वाचीसन डोयामा पानी उनं ताई.

निंबाची सावली
झालर!! आमचे दादा पेपर पूर्ण वाचून झाल्याशिवाय कात्री लावू द्यायचे नाहीत. आम्ही बहिणी कात्री धरून त्यांच्या मागे उभ्या. करंज्यांची नक्षी मला यायची, मोठीला चांदण्या यायच्या. कुकर झाला, येते परत.

धुळे_सुतारकाम
झालरीचं मला माहीत नाही, फळीचं सांगतो. १८ मिमी प्लायची चार फुटी फळी फक्त दोन टोकांच्या ब्रॅकेटवर ठेवली आणि वर पितळ मांडलं, तर वर्ष-दोन वर्षांत मध्ये झोल येतो. मधे तिसरा ब्रॅकेट घ्या. जेवणाचं ताट साधारण ११ इंचांचं असतं, म्हणून स्वयंपाकघरातली फळी १२ इंच खोल करा. कपबशीसाठी ८ इंच पुरतात. फळी उथळ असली की मागच्या ओळीत वस्तू लपत नाहीत, आणि दिसायला बरं वाटण्याचं निम्मं काम तिथेच होतं.
भिंत पोकळ ब्लॉकची असेल तर साधा प्लग आत फिरतो, धरत नाही. आधी भिंत ठोकून बघा. जड वस्तू खालच्या फळीवर.

जळगावकरीण
@धुळे_सुतारकाम दादा, माझ्या फळ्यांना दोनच आहेत. या रविवारी तिसरा लावून घेते.

भुसावळ_जंक्शन
उघड्या फळीवर धूळ किती बसते ते कोणी बोलत नाही. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे वाऱ्यासोबत जी माती येते ती सकाळी पुसली की दुपारी परत. शेगडीजवळ तर फोडणीचं तेल आणि धूळ मिळून चिकटा होतो, तो ओल्या फडक्याने जात नाही. मी शेगडीपासून लांबची भिंत निवडली. फळीवर रोज धुतलं जातं तेच ठेवते. शोभेचं काही ठेवलं नाही, तरी येणारे जाणारे छान दिसतं म्हणतात.

शहाद्याची सून
लिहू की नको विचार करत होते, लिहितेच.

आमचं स्वयंपाकघर पूर्ण बंद कपाटांचं, एकसारख्या पांढऱ्या दारांचं. चार वर्षांपूर्वी सासूबाईंची नजर कमी झाली. कोणत्या दारामागे काय हे त्यांना कळेना. हळद शोधायला पाच दारं उघडायच्या. मग त्यांनी स्वयंपाकघरात येणंच सोडलं. आयुष्यभर घर चालवलेली बाई ओट्याकडे पाठ करून बसायला लागली, ते बघवत नव्हतं.

यांनी एका सुट्टीत ओट्यावरच्या चार कपाटांची दारं काढून टाकली. आत भिंतीला पांढरा रंग होता, त्यावर स्टीलचे डबे दिसतच नव्हते. म्हणून मागे गडद निळा रंग दिला. मग डबे कुठे ठेवायचे ते आईंनाच विचारलं. त्या म्हणाल्या, डाव्या हाताला मीठ, मग हळद, मग तिखट, जसं हात जातो तसं. तिखटाचा डबा पितळेचा, बाकी स्टीलचे, म्हणजे रंगावरूनही ओळखू येतो. डाळींना काचेच्या बरण्या. ज्वारीच्या पिठाचा डबा सगळ्यात खाली, उचलायला नको.

सजवायचं म्हणून काहीच केलं नव्हतं. पण निळ्यावर ते पितळ संध्याकाळच्या दिव्यात जे दिसतं ना... आता कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीचं पीठ आईच मळतात. डबा कोणी दोन बोटं जरी सरकवला तरी त्यांना कळतं.

निंबाची सावली
@शहाद्याची सून वहिनी 🙏 आईंना माझा नमस्कार सांगा. तुमच्या मिस्टरांनाही.

तापीकाठ
कळण्याची भाकर आनि लाल मिरचीना ठेचा. भूक लागनी.

चोपडा ते पुणे
भाड्याची खोली, भिंतीला भोक पाडायला परवानगी नाही. आंब्याच्या दोन लाकडी पेट्या पॉलिश पेपरने घासल्या, एकमेकींवर आडव्या ठेवल्या, झाली मांडणी. पुस्तकं, चहाचं सामान आणि आजीचा तांब्या. तांब्यात रस्त्याकडेच्या निंबाची डहाळी ठेवतो, दोन-तीन दिवस हिरवी राहते. खोलीत पाऊल टाकलं की आधी तोच दिसतो.
जळगावहून कोणी येत असेल तर भरताची वांगी आणाल का? इथे मिळतात ती बियांची.

भुसावळ_जंक्शन
वांगी आणून काय करणार, गॅसवर भाजणार? काड्यांवर भाजल्याशिवाय ती चव नाही. गावी ये रे, करून घालते.

नंदुरबारी वाडा
आमच्या जुन्या घराला फळ्या कमी, देवळ्या जास्त. मातीच्या भिंती दीड-दोन हात जाड, त्यात कोरलेल्या. एकीत दिवा, एकीत फणी-कुंकू, एकीत आजोबांची पानाची डबी. एका देवळीत एकच वस्तू. घर पाडलं तेव्हा मला जास्त वाईट देवळ्यांचं वाटलं.
नवीन बांधताना गवंड्याला सांगून नऊ इंची भिंतीत साडेचार इंच खोल तीन देवळ्या ठेवून घेतल्या. भार नसलेल्या जागी, त्याने आधी नीट बघून घेतलं. आतून लिंबासारखा पिवळा रंग. एकीत पानाची डबी आहे. दोन अजून रिकाम्या आहेत, तशाच राहू दिल्या.

निंबाची सावली
कल्हईवाला कोणाकडे येतो का हो आता? आमच्या पातेल्यांची पार गेली. आंबट शिजवायचं सोडलंय त्यात. लहानपणी नवसागर टाकला की तो पांढरा धूर निघायचा, आम्ही सगळी पोरं गोळा व्हायचो.

तापीकाठ
अमळनेरच्या बाजारात बसतो एक, सोमवारी. नक्की विचारून सांगतो.

जळगावकरीण
सगळ्यांचं वाचलं, दोनदा वाचलं. वहिनी, तुमचं वाचून उठले आणि फळीकडे नव्याने बघितलं. रात्री आईला व्हिडिओ कॉल लावून फळी दाखवली. तिचा मोठा डबा मी वरच्या फळीवर ठेवला होता, शोभतो म्हणून. तिने बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "तो डबा खाले ठेव वं, वर काय कामना?"
खाली घेतला. आता त्यात कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांचे गहू भरलेत.

निंबाची सावली
@तापीकाठ सोमवारचं विचारलंत का भाऊ? चार पातेली आणि एक गंज आहे.