अनुभव धागा : शिकता शिकता कॅम्पसवरच केलेली कामं

‘कमवा आणि शिका’ म्हटलं की आपल्याला कर्मवीर आणि ‘रयत’ची मुलं आठवतात. गोव्यात शिकताना कमवायचं म्हणजे किनाऱ्यावरच्या शॅकवर ऑर्डर घ्यायच्या, हॉटेलच्या रिसेप्शनवर रात्रपाळी करायची, नाहीतर मामाच्या दुकानात बसायचं. कॉलेजात किंवा विद्यापीठातच चार तासांचं काम मिळतं हे कित्येकांना शेवटच्या वर्षापर्यंत ठाऊक नसतं. ताळगावच्या पठारावरच्या विद्यापीठात दोन वर्षं काढूनही मला ते उशिराच कळलं.

प्रवेशाच्या टेबलावर नव्या मुलांना विषय निवडून देणं, सरांच्या प्रकल्पात नमुने गोळा करणं, मुलाखती उतरवून काढणं यातलं काहीही केलं असेल तर इथं लिहा. पैसे किती मिळाले ते सांगाच, पण त्या तासांत हाताने नेमकं काय केलंत तेही सांगा. संस्थेचं आणि सरांचं नाव मात्र नको.

साखळीची, बी.ए.

प्रवेशाच्या दिवसांत मी मदत कक्षात बसायचे. दिवसाला ₹३०० आणि चहा. बाहेर जूनचा पाऊस, टेबलाखाली रेनकोटांतून गळलेलं तळं. २०२३ साली चार वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला, त्याच वर्षी मला बसवलं. मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय), शिवाय एमडीसी (बहुविद्याशाखीय), एसईसी (कौशल्य), एईसी (भाषा), व्हीएसी (मूल्यवर्धन) असे कोर्स. सकाळी दहाला आम्हाला समजावलं आणि साडेदहाला आम्ही जगाला समजावू लागलो!

सत्तरी तालुक्यातून येणारी बहुतेक मुलं चौथीपर्यंत मराठीत शिकलेली, पाचवीपासून इंग्रजीत. फॉर्म त्यांना वाचता येतो, पण त्यात काय विचारलंय ते पोचत नाही. सोबत वडील, हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद. ठरलेलं वाक्य : “बाय, आमकां कळचें ना, तूंच बरय.” आणि मी लिहायचे. घाई असायची, मागे रांग असायची, शिवाय आपल्याला कळतं याचा थोडा तोराही होता.

एका मुलीला मी मायनर म्हणून अर्थशास्त्र भरून दिलं, कारण तिथं जागा होत्या. चतुर्थीची सुट्टी संपल्यावर ती मला कॉरिडॉरमध्ये भेटली. गणिताला घाबरून आर्ट्सला आलेली पोर, आणि पहिल्याच युनिटमध्ये आलेख. रागावली नाही, नुसती म्हणाली, “ताई, तुम्ही विचारलंच नाही.” पुढच्या वर्षी पेन मुलाच्याच हातात ठेवायला लागले. रांग लांबली, वरून बोलणीही खाल्ली.

अजून एक. ‘एका वर्षानंतर सोडलं तरी सर्टिफिकेट मिळतं’ हे वाक्य मी जपूनच उच्चारते. पालकांच्या कानात ते ‘एका वर्षात काम झालं’ असं शिरतं. त्यासाठी उन्हाळ्यात चार क्रेडिटचं वेगळं काम करावं लागतं, आणि चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स हवं तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात, हे आधी सांगावं.

मायक्रोबायॉलॉजी, आता नोकरीत

आमच्या ताईंचं (पीएच.डी.च्या) काम रायबंदरच्या मिठागरांवर होतं. पणजीहून रायबंदरला जाताना पोर्तुगीजांनी १६३३-३४ मध्ये बांधलेल्या रस्त्यालगत जी मिठागरं दिसतात, तीच. मीठ पिकण्याच्या दिवसांत पाणी गुलाबी होत जातं. पर्यटक फोटो काढतात, आम्ही ते बाटलीत भरायचो. खारातच जगणारे जिवाणू आणि आर्किया (जिवाणूंसारखेच, पण वेगळ्या गटातले सूक्ष्मजीव) त्यात असतात, रंग त्यांचाच.

काम ऐकायला भारी. प्रत्यक्षात दुपारी बाराचं ऊन, खाली पांढरं मीठ, वर पांढरं आकाश, डोळे उघडत नाहीत. आगरात काम करणाऱ्या बायका आम्हाला हसायच्या, कारण आम्ही बांधावरून चालताना हमखास घसरायचो. एकीने मला डोक्यावर ओला टॉवेल घ्यायला शिकवलं, ते कुठल्याही प्रोटोकॉलमध्ये नव्हतं.

खरी गंमत प्रयोगशाळेत. हे जीव ज्यावर वाढवतात त्या माध्यमात मीठ वीस-पंचवीस टक्के घालावं लागतं, आणि ते वाढायला आठवडे घेतात. तोवर प्लेट सुकते, मिठाचे खडे उमटतात आणि ते थेट कॉलनीसारखे (जिवाणूंच्या ठिपक्यांसारखे) दिसतात. पहिल्या महिन्यात मी मोठ्या उत्साहाने मीठच मोजलं. ताईंनी सुईने एकाला टोचायला लावलं, कट्ट आवाज आला. सगळी वही पुन्हा लिहिली. पैसे मिळाले तासाच्या हिशेबाने, पण पुन्हा मोजलेले तास मी लावले नाहीत. लाज वाटली. आज वाटतं, लावायला हवे होते.

फोंड्याचा

ग्रंथालयात पुस्तकं परत जागेवर लावायचं काम. शांत, एसी, अभ्यास होतो. सांगण्यासारखं काही नाही, म्हणूनच सगळ्यांनी करावं.

समाजशास्त्र, तिसवाडी

खाजण शेतीवरचं (खाडीकाठी बांध घालून केलेली शेती) सर्वेक्षण केलं, एका प्रश्नावलीमागे पैसे. प्रश्नावली इंग्रजीत छापलेली, पहिला प्रश्न हेक्टरी उत्पादन. बांधावर बसलेला माणूस खंडी-कुडवात (धान्याच्या जुन्या मापांत) बोलणार, आणि त्याआधी तोच मला विचारणार, “तूं कोणालो रे?” (तू कोणाचा रे?) आजोबांचं गाव सांगितलं की पुढचं सुरळीत. नाही सांगितलं तर हा कूळ-मुंडकार केसचा (कसणाऱ्याच्या आणि भाटकाराच्या जागेत घर असणाऱ्याच्या हक्काच्या दाव्याचा) माणूस असणार असं धरून तोंड बंद. कागद घेऊन शेतात शिरणाऱ्या अनोळखी माणसाबद्दल आपल्याकडे वेगळा समज व्हायला जागाच नाही.

कोरगुट भात अजून लावता का, असा एक प्रश्न होता. हो किंवा नाही, दोन चौकोन. एका आजोबांनी त्यावर तासभर सांगितलं : मानशीची (बांधातल्या पाण्याच्या झडपेची) लाकडी दारं भरतीला आपोआप कशी मिटतात, ती दुरुस्त करायला आता माणूस मिळत नाही, बांध फुटून खारं पाणी आत आलं की इतर भात मरतं आणि कोरगुट तेवढं तगतं. मी ‘हो’वर खूण केली. बाकीचं पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं. मॅडमनी नंतर त्या पाठच्या बाजूच मागून घेतल्या.

मोडी वाचणारी

इतिहासात एम.ए. करताना एका अभ्यासकाला मोडी कागद बाळबोधीत उतरवून द्यायचे. पानामागे पैसे. पणजीचं पुराभिलेखागार १५९५ मध्ये दियोगो दो कौतोच्या हाती सुरू झालं. बाहेरच्यांना वाटतं, तिथं फक्त पोर्तुगीज दप्तर. मोडीतली मराठीही आहे, आणि ती वाचणारे बोटावर मोजण्याइतके.

सल्ला एकच : दर पानावर ठरवू नका, ओळींवर ठरवा. एक पान बारा ओळींचं असतं, दुसरं चाळीस ओळींचं आणि वर कसरीने खाल्लेलं. मी हे तिसऱ्या महिन्यात शिकले.

नाव देत नाही

एका प्रकल्पात मी सात महिने डेटा भरला. पावतीवर रेव्हेन्यू स्टॅम्प लावून सही पहिल्याच महिन्यात घेतली, पैसे मार्चअखेरीस आले, तेही पाच महिन्यांचे. निबंध छापून आला तेव्हा आभारांत ‘विद्यार्थी’ एवढंच. भांडले नाही, कारण त्याच सरांकडून शिफारसपत्र हवं होतं. ते मात्र छान लिहिलं होतं, हेही सांगायला हवं.

> वरच्यांना, एक पीएच.डी.वाला

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत पीएच.डी.च्या मुलांना आठवड्याला ४ ते ६ तास शिकवण्याचं किंवा संशोधनसाहाय्याचं काम देता येतं असं लिहिलंय, त्यामुळे आमच्याकडे दाखवायला कागद तरी आहे. जेआरएफचे (संशोधन शिष्यवृत्तीचे) महिन्याला ₹३७,००० येतात (येतात तेव्हा). एम.ए., एम.एस्सी.च्या मुलांचं सगळं तोंडी. म्हणून पहिल्या दिवशी एक साधी ईमेल टाका : ‘सर, आज सांगितल्याप्रमाणे आठवड्याला इतके तास, इतका दर, अमुक महिन्यापर्यंत, बरोबर ना?’ उत्तर ‘ओके’ आलं तरी पुरे. कोणी रागावत नाही.

काणकोण, दुसरं वर्ष

मला उशिरापर्यंत थांबणं जमत नाही. मडगावहून पुढची बस चुकली की घरी रामायण. घरून करता येईल असं काही?

> समाजशास्त्र, तिसवाडी

मुलाखती ऐकून उतरवण्याचं काम माग. दर रेकॉर्डिंगच्या मिनिटावर ठरव, पण आधी एक फाइल ऐकून घे. दहा मिनिटं उतरवायला मला तास लागायचा. माझ्या पहिल्या फाइलमध्ये मागे जत्रेचा लाऊडस्पीकर होता, आणि आजोबा अर्धं वाक्य कोकणीत सुरू करून मराठीत संपवायचे. कुठल्या भाषेत लिहायचं ते आधी विचारून घे. मी विचारलं नव्हतं, सगळं दोनदा लिहावं लागलं.