लॅबव्ह्यू : कोडने किंमत बदलली तर व्हॅल्यू चेंज इव्हेंट का येऊ नये?

पॅनेलकर : लॅबव्ह्यू या आकृत्यांनी प्रोग्रॅम लिहायच्या साधनात व्हॅल्यू चेंज इव्हेंट, म्हणजे ‘किंमत बदलली’ ही सूचना, येतो तो वापरणाऱ्याने फ्रंट पॅनेलवर (बटणं-आकड्यांच्या पडद्यावर) काही बदललं तरच. कोडमधून, म्हणजे लोकल व्हेरिएबलने किंवा साध्या व्हॅल्यू प्रॉपर्टीने, ती किंमत बदला, इव्हेंटची वाट बघणारं इव्हेंट स्ट्रक्चर ढिम्म. आमच्याकडे सेटिंगची फाइल उघडली की भट्टीचं तापमान पडद्यावर 80 दिसतं आणि भट्टी चालवणारा कंट्रोल लूप जुन्याच आकड्यावर चालत राहतो. पडदा एक सांगतो, यंत्र दुसरंच करतं. चाचणी यंत्रणेत हे चालणार नाही. किंमत कुणीही बदलो, इव्हेंट आलाच पाहिजे.

तारेवरची : अजिबात पटलं नाही. सेल्सिअस आणि फॅरनहाइट अशी दोन कंट्रोल्स (आकडा भरायच्या चौकटी) घ्या. एक बदललं की त्याच्या इव्हेंटमधून दुसऱ्यात लिहायचं. तुमच्या नियमाने दुसऱ्याचा इव्हेंट परत पहिल्यात लिहिणार. हे चक्र थांबवायचं कुणी? ज्यांना इव्हेंट हवाच आहे त्यांना व्हॅल्यू सिग्नलिंग प्रॉपर्टी आहे; तिने किंमत लिहिली की इव्हेंटही येतो.

पॅनेलकर : तिच्या भरवशावर कसं राहायचं? जुनीच किंमत पुन्हा लिहिली तरी ती इव्हेंट पाठवते, आणि लॅच बटणावर (कोडने वाचताच आपोआप पूर्ववत होणाऱ्या) थेट एरर देते. क्यूटी या पडदे बनवायच्या लायब्ररीतला स्पिनबॉक्स (आकड्याची चौकट) बघा. कोडने सेट केलं तरी सिग्नल (तिथली बदलाची सूचना) येतो, पण आकडा खरोखर बदलला असेल तरच. तुमचं चक्र तिथे आपोआप थांबतं.

तारेवरची : दशांश कापले गेले की आकडा थोडा सरकतो आणि सिग्नल पुन्हा सुटतो. म्हणून तर क्यूटीवाले जागोजागी सिग्नल अडवून ठेवतात. त्याच क्यूटीत मजकुराच्या चौकटीला दोन वेगळे सिग्नल आहेत : टेक्स्ट-चेंज्ड कुणीही बदललं तरी, टेक्स्ट-एडिटेड फक्त माणसाने बदललं तर. हा फरक त्यांनाही करावाच लागला. ब्राउझरमध्येही स्क्रिप्टने चौकटीत किंमत भरली तर इनपुट इव्हेंट येत नाही.

रांगेत_उभा : भट्टीचा आकडा इव्हेंट केसमध्ये (इव्हेंट आल्यावर चालणाऱ्या कोडमध्ये) अडकवलाच का? इव्हेंट केसने क्यूमध्ये (निरोपांच्या रांगेत) फक्त ‘तापमान बदला’ असा निरोप टाकावा. फाइल वाचणाऱ्या कोडनेही तोच टाकावा. मग इव्हेंट आला काय, न आला काय. मला जास्त छळतो तो क्लस्टरचा ॲरे, म्हणजे एकत्र बांधलेल्या किंमतींच्या गठ्ठ्यांची यादी. इव्हेंट जुनी आणि नवी अख्खी किंमत हातात देतो, नेमका कुठला घटक बदलला ते आपणच शोधायचं.

पॅनेलकर : क्यूचं मान्य, नव्या कोडमध्ये तसंच करेन. पण नव्याने शिकणारा आधी लोकल व्हेरिएबलच वापरतो, आणि त्याला ना एरर दिसते ना इशारा. निदान तो इशारा तरी लॅबव्ह्यूने द्यायला हवा.

तारेवरची : इशाऱ्याला माझा विरोध नाही. आपणहून येणाऱ्या इव्हेंटला आहे.