शॉट कमी, गुडघा जास्त सांभाळा

तेरा वर्षांच्या पोरीला फुटबॉलमध्ये स्ट्रायकर (गोल मारणारी पुढची खेळाडू) करायचंय, रोज शंभर शॉट मारायला लावू का, असं एका पालकानं विचारलंय. शंभर नको, तीस पुरे. पण धावत येऊन, दोन्ही पायांनी आणि बॉक्समधूनच, म्हणजे गोलसमोरच्या आखलेल्या चौकटीतून.

खरी काळजी मैदानाची घ्या. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. बुटाच्या तळाचा लांब स्टड (खुंटी) भेगेत अडकला की पाय तिथंच राहतो, अंग वळतं आन् गुडघ्यातलं एसीएल नावाचं लिगामेंट (हाडं जोडणारा पट्टा) तुटतं. मुलींमध्ये ही दुखापत मुलांपेक्षा जास्त होते. मैदानात परतायला नऊ महिने तरी जातात. म्हणून आखुड रबरी स्टडचे बूट घ्या, भेगा मुरूम-मातीनं बुजवून पाणी मारा. उडी मारून उतरताना गुडघे वाकलेले हवेत, आत झुकलेले नकोत. हे समोर उभं राहून बघा. फिफा ११+ हा २० मिनिटांचा वॉर्मअप त्यासाठीच आहे, आठवड्यातून किमान दोनदा तरी कराच.

कडक जमिनीवर पाच नंबरचा चेंडू फार उसळतो, हवा ९ पीएसआयच्या आसपास ठेवा.

मणिपूरची स्ट्रायकर बाला देवी २०२० मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्स क्लबकडे गेली, तेव्हा ती तिशीला टेकली होती. तेराव्या वर्षी घाई कशाला?