मदत हवी आहे: पगारातून बचत कपात सुरू करायची आहे, पतसंस्थेत नवीन सभासद येत नाहीत (कोरेगाव, जि. सातारा)

कोरेगाव_सचिव

नमस्कार मंडळी. कोरेगाव तालुक्यातल्या जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांच्या पगारदार पतसंस्थेसाठी विचारतोय. सभासद दोनशेच्या आसपास, त्यातले बरेच निवृत्तीला टेकलेले. नव्याने लागलेले शिक्षक, आरोग्यसेवक, ग्रामपंचायत अधिकारी येतात ते कर्जापुरते. कर्ज फिटलं की राजीनामा देऊन भाग (शेअर) परत मागतात.

संचालक मंडळाच्या मनात दरमहा पगारातून कापायची ठेव आहे. कमीत कमी ५०० रुपये, नोव्हेंबरमध्ये सुरू, बारा हप्ते, दिवाळीला व्याजासह परत. तीन गोष्टी कळत नाहीत. कपातीसाठी कागद कोणते लागतात? ऑफिसने कापून नाही दिलं तर काय? आणि तरुण मंडळींना काय सांगायचं? "बँकेत आरडी आहे की" म्हणतात, त्याला उत्तर सुचत नाही.

मिरज_हिशेबनीस

सचिव साहेब, आधी पोटनियम (संस्थेचे स्वतःचे नोंदलेले नियम) काढून बघा. सभासदाकडून आवर्त ठेव (आरडी) घ्यायची तरतूद असेल तर संचालक मंडळाचा ठराव आणि योजनेचे नियम पुरतात. नसेल तर सर्वसाधारण सभेत हजर राहून मतदान करणाऱ्यांच्या दोन तृतीयांश बहुमताने दुरुस्ती आणि मग सहकार खात्याच्या निबंधकांची मंजुरी. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते, तिच्या नोटिशीत हा विषय घाला.

आता कपात. यात बहुतेक संस्था एक घोळ करतात. सहकार कायद्याचं कलम ४९ मुळात संस्थेला सभासदाकडून येणं असलेल्या रकमेसाठी आहे, म्हणजे कर्जाचा हप्ता वगैरे. सभासदाने करारपत्र लिहून दिलं आणि संस्थेने लेखी मागणी केली की पगार काढणाऱ्या अधिकाऱ्याला कपात करावीच लागते. न कापल्यास किंवा कापून न भरल्यास जबाबदारी त्याच्यावर येते. ऐच्छिक बचत हे संस्थेचं येणं नव्हे, तिथे हा जोर लावता येत नाही. म्हणून बचतीचं संमतीपत्र कर्जाच्या करारपत्रापासून वेगळं ठेवा. एकाच कागदावर दोन्ही घेतलं की सभासदाने बचत थांबवायचा अर्ज दिला तरी ऑफिसचा क्लार्क म्हणतो, "संस्थेचं पत्र आणा." मग माणूस चिडतो आणि पुन्हा फिरकत नाही.

मागणी यादी पगारबिल तयार व्हायच्या आधी ऑफिसात पोचली पाहिजे. तुमच्याकडे बिलं कुठल्या तारखेला लागतात ते क्लार्ककडून विचारून घ्या आणि त्याच्या आठ दिवस आधी यादी द्या. यादीत नाव, शालार्थ किंवा सेवार्थ आयडी (पगारप्रणालीतला क्रमांक), बचत, कर्जाचं मुद्दल, व्याज असे वेगळे रकाने हवेत. एकच बेरीज दिली तर रक्कम अर्धवट कापून आली की ती कशापोटी जमा करायची याचाच वाद.

पैसे एकरकमी येतात, नावं शेड्यूलमध्ये, म्हणजे सोबतच्या कपात यादीत. दोन्हींचा मेळ बसेना की कारकून सगळी रक्कम सस्पेन्सला (कुणाची ते न ठरलेल्या रकमेच्या खात्याला) टाकून मोकळा होतो, आणि दोन-दोन महिने सभासदांच्या पासबुकात नोंद होत नाही. पगारातून रक्कम गेलेली दिसते, पासबुकात दिसत नाही. संस्थेवरचा विश्वास इथेच उडतो. ज्यांची नावं जुळतात त्यांच्या नोंदी त्याच दिवशी करा, फरकापुरतीच रक्कम सस्पेन्सला ठेवा. नोंद झाली की प्रत्येकाला मेसेज.

कराडची_मीनाताई

"बँकेत आरडी आहे की" याचं उत्तर व्याजदरात शोधू नका, अर्ध्या टक्क्यासाठी कुणी येत नाही. खरा फरक असा की बँकेची आरडी पगार हातात आल्यानंतर जाते, खात्यात शिल्लक नसेल तर हप्ता चुकतो. इथे रक्कम हातात यायच्या आधीच बाजूला पडते.

दुसरा मुद्दा त्यांच्या पगारपत्रकातच आहे. १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना सहसा जीपीएफ (भविष्य निर्वाह निधी) नाही. जुन्या मंडळींना लग्न, आजारपण, घरदुरुस्तीसाठी जीपीएफमधून अग्रिम (उचल) निघायचा. नव्यांचे मूळ पगार अधिक महागाई भत्त्याचे १० टक्के एनपीएसला (राष्ट्रीय पेन्शन योजनेला) जातात आणि ते पैसे अटींशिवाय निघत नाहीत. जूनमध्ये मुलांची फी आली की बिचाऱ्यांपुढे क्रेडिट कार्ड नाहीतर मोबाईलवरचं कर्ज. त्यांना सांगा, ही ठेव म्हणजे तुमच्या हाताशी असलेली रक्कम. आणि ती खरोखर हाताशी ठेवा: स्वतःच्या ठेवीवर जामीनदाराशिवाय कर्ज, अर्ज दिल्यापासून दोन दिवसांत.

जामिनाची भीती फार मोठी आहे, ती कुणी बोलून दाखवत नाही. सभासद झालो की सिनियर सर जामीन राहायला सांगणार आणि नाही म्हणता येणार नाही, असं त्यांना वाटतं. ते चुकीचंही नाही. कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, संस्था थेट त्याच्या पगारातून वसूल करू शकते. तेव्हा माहितीपत्रकात पहिल्या चार ओळींतच छापा: "सभासद झाल्यामुळे कोणालाही जामीन राहण्याचे बंधन नाही." आणि संचालकांनी ते पाळलं पाहिजे हो.

जे नाही तेही सांगा. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेच्या ठेवीला ते संरक्षण नाही. या ठेवीला आयकरात गुंतवणुकीची वजावटही नाही. हे आपण सांगितलं तर लोक ऐकून घेतात, दुसऱ्याकडून कळलं तर आपण लपवलं असं होतं. पत्रकावर "बँक" शब्द कुठेही येऊ देऊ नका, पतसंस्थेला तो वापरता येत नाही. आणि लाभांशाचं गाजर दाखवू नका: तो फक्त भागांवर मिळतो, कायद्याने १५ टक्क्यांच्या वर देता येत नाही, तोही नफ्याचा चौथा हिस्सा राखीव निधीला गेल्यानंतर.

कोरेगाव_सचिव

मीनाताई, जामिनाचं अगदी खरं आहे. ते वाक्य छापतो.

दोन शंका. कर्जाच्या व्याजाबद्दल एक तरुण शिक्षक म्हणाले, "तुमचं १० टक्के आणि फायनान्सवाल्याचं १० टक्के सारखंच की, त्याचाही हप्ता ७,५०० आहे." हिशेब कसा दाखवू? आणि बदली झाली की कपात बंद पडते, त्याचं काय?

मिरज_हिशेबनीस

३ लाख, ६० महिने, १० टक्के धरा. फायनान्सवाल्याचं सरळव्याजाने पूर्ण रकमेवर पाच वर्षांचं व्याज दीड लाख, हप्ता शेवटपर्यंत ७,५००. आपल्याकडे मुद्दल ५,००० अधिक शिल्लक रकमेवर व्याज. पहिल्या महिन्यात व्याज २,५००, म्हणजे हप्ता ७,५००च! म्हणून सारखं वाटतं. त्यांना दुसऱ्या महिन्याचा आकडा विचारा. आपला ७,४५८, शेवटचा ५,०४२, एकूण व्याज ७६,२५०. फरक ७३,७५० रुपयांचा. हा तक्ता ऑफिसच्या फलकावर लावा.

दहिवडीकर

बदलीचं सांगतो. पाटणहून माणला बदली झाली तर जुन्या ऑफिसच्या यादीतून नाव जातं आणि नव्या ऑफिसला संस्थेचं पत्रच नसतं. दोघांनाही वाटतं समोरचा कापतोय. उपाय सोपा आहे: एलपीसीवर (अंतिम वेतन प्रमाणपत्रावर) संस्थेची कपात, मासिक रक्कम आणि कर्जबाकी लिहून घ्यायची. सभासद कार्यमुक्त झाल्याच्या आठवड्यातच नव्या ऑफिसला संमतीपत्राची प्रत आणि मागणी पत्र द्यायचं. बदल्यांच्या हंगामात याद्या निघाल्या की आपल्या सभासदांची नावं स्वतः शोधा, त्यांनी कळवायची वाट बघू नका. मधला एखादा हप्ता चुकलाच तर बचतीला दंड लावू नका, मुदत एका महिन्याने पुढे न्या.

अजून एक. तुमच्या योजनेचे बारा हप्ते दिवाळीत बसणार नाहीत. २०२५ ला लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं, २०२६ ला ८ नोव्हेंबरला. नोव्हेंबर ते ऑक्टोबर धरलं तर काही वर्षी शेवटचा हप्ता दिवाळीनंतर येईल. ऑक्टोबरच्या पगारापासून सप्टेंबरच्या पगारापर्यंत धरा.

मिरज_हिशेबनीस

बरोबर, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्याला जोडूनच: सगळ्यांची ठेव एकाच आठवड्यात परत करायची आहे हे विसरू नका. १,००० रुपये महिना, ८ टक्के धरले तर वर्षाला व्याज ५२०, म्हणजे माणशी १२,५२०. दीडशे जण आले तर १८ लाख ७८ हजार हाताशी लागणार. हा पैसा पाच वर्षांच्या कर्जात घातलात तर दिवाळीत ठेवीदार दारात उभे. जूनपासून येणारे हप्ते कर्जाला द्यायचेच नाहीत, जिल्हा मध्यवर्ती बँकेत कमी मुदतीच्या ठेवीत ठेवा. परतावा खात्यावरच द्या. मुद्दल अधिक व्याज २०,००० किंवा वर गेलं तर आयकर कायद्याने रोख देता येत नाही.

कोरेगाव_सचिव

मोठी मदत झाली. संमतीपत्राचा मजकूर कुणी देईल का? शनिवारी बैठक आहे.

कराडची_मीनाताई

एवढा पुरेल, बाकी आयडी, सही, तारीख आणि नामनिर्देशन:

"मी माझ्या मासिक वेतनातून रुपये ____ (अक्षरी ____) इतकी रक्कम माहे ____ च्या वेतनापासून संस्थेतील माझ्या बचत ठेवीपोटी कपात करण्यास स्वेच्छेने संमती देत आहे. ही कपात कर्जवसुलीसाठी नाही. ती थांबविण्याचा किंवा रक्कम बदलण्याचा अर्ज मी थेट माझ्या कार्यालयास देऊ शकेन व त्याची प्रत संस्थेस देईन. माझी बदली झाल्यास ही संमती नवीन कार्यालयासही लागू राहील."

तीन प्रती घ्या: एक ऑफिसला, एक संस्थेत, एक सभासदाच्या हातात. तिसरी प्रत द्यायला विसरू नका.